प्रकाशकण आणि त्याचा रखवालदार

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास चंदगड तालुका आहे. इ. स. १९५६ पर्यंत तो बेळगांव जिल्ह्यांत मोडत असे. आजहि तेथील माणसाचें पाऊल बाजारासाठीं बेळगांवाकडे सहज वळतें. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा, त्यापलीकडे कोंकण आणि गोमंतक. आणि पाऊस असा कीं, श्रावण-भाद्रपदांत घराबाहेर डोकावणेंहि नको व्हावें. याच दिवसांत गणपति येतो. घरोघर मखरें उभीं राहतात, आणि अलीकडच्या काळांत त्या मखरांत तेलाच्या समईशेजारीं तांबडे, हिरवे, निळे असे ठिपक्यांएवढे दिवे लुकलुकूं लागले आहेत. बाजारांतल्या तयार माळांनीं ज्याचें समाधान होत नाहीं, असा एखादा शाळकरी मुलगा प्रत्येक गांवांत असतोच. तो दुकानांतून मूठभर सुटे दिवे आणतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांस एलईडी म्हणतात; मराठी पुस्तकांत ‘प्रकाश-उत्सर्जक डायोड’ असें लांबलचक नांव आहे, तें पुस्तकांतच राहिलें. नऊ व्होल्टांची चौकोनी बॅटरी, दोन तारा आणि एक दिवा एवढी सामग्री तो जोडतो. दिवा क्षणभर असा झळकतो कीं, मखराचा सारा कागद उजळून निघावा. दुसऱ्या क्षणीं त्याच्या पोटांत काळा डाग उमटतो, जळका वास येतो, आणि तो कायमचा विझतो.

मुलगा दुकानदारास दोष देतो. दुकानदार म्हणतो, ‘अरे, रेझिस्टन्स लावला नाहींस!’ हा रेझिस्टन्स, म्हणजे शुद्ध भाषेंत रोधक, ही रुपया-दोन रुपयांची वस्तु आहे. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, अंगावर रंगीत पट्टे, दोन बाजूंस दोन तारा. ती स्वतः प्रकाश देत नाहीं, आवाज करीत नाहीं, हालत नाहीं. ती केवळ आडवी उभी राहते. पण ती नसेल तर दिव्याचें आयुष्य पळभराचें. या दोघांची जोडी कशी जमली, याची कथा मोठी विलक्षण आहे. तींत रखवालदाराचा नियम आधीं सांपडला आणि ज्याचें रक्षण करावयाचें तो दिवा बाजारांत येण्याजोगा व्हावयास त्यानंतर सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं.

नियम ज्यानें शोधला तो एक शाळामास्तर होता. गेऑर्ग सिमॉन ओहम याचा जन्म इ. स. १७८९ मध्यें जर्मनींतील एर्लांगेन गांवीं झाला. बाप कुलुपें करणारा लोहार. परंतु त्यानें स्वतःच्या श्रमानें गणित शिकून घेतलें होतें आणि तें मुलांसहि शिकविलें. ओहम १८१७ पासून कोलोन येथील शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकवूं लागला. शाळेंत प्रयोगाचीं साधनें बरीं होतीं. वर्ग सुटल्यावर तो त्यांत रमे. तारेंतून वीज किती वाहते, हें तारेच्या लांबीवर कसें अवलंबून असतें, एवढाच त्याचा प्रश्न होता. आज हा प्रश्न पोरकट वाटेल. त्या काळीं मात्र विजेचें माप कसें घ्यावें याविषयींच विद्वानांत एकमत नव्हतें.

पहिला प्रयत्न फसला. १८२५ मध्यें त्यानें जें सूत्र प्रसिद्ध केलें तें चुकीचें निघालें. त्या वेळचे विद्युद्घट मोठे बेभरंवशाचे. प्रयोग चालू असतांनाच त्यांचा दाब ढळे, आणि आज घेतलेलें माप उद्यां जुळत नसे. तेव्हां पोगेनडॉर्फ नांवाच्या संपादकानें त्यास सुचविलें कीं, घट सोडून द्या आणि उष्णतेपासून निघणारी वीज वापरा. दोन निराळ्या धातूंचे दोन सांधे केले, एक सांधा उकळत्या पाण्यांत व दुसरा बर्फांत ठेवला, म्हणजे त्यांतून मंद पण स्थिर वीज मिळते. उकळतें पाणी आणि वितळतें बर्फ यांच्याइतके वचनाला जागणारे पदार्थ प्रयोगशाळेंत दुसरे नाहींत. ओहमनें बिस्मथ व तांबें यांचे सांधे केले, मध्यें निरनिराळ्या लांबीच्या तारा घातल्या, आणि टांगलेली लोहचुंबकाची सुई किती वळते हें पाहून प्रवाह मोजला. १८२६ मध्यें त्याला खरा नियम गवसला आणि १८२७ मध्यें बर्लिन येथें त्याचें पुस्तक निघालें. दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट; रोध दुप्पट केला तर प्रवाह निम्मा. दाबास रोधानें भागावें, प्रवाह मिळतो. चौथींतल्या मुलास येणारा भागाकार!

या भागाकाराचें बक्षीस म्हणून ओहमच्या पदरीं उपेक्षा आली. विश्वविद्यालयांत मानाची जागा मिळेल या आशेनें त्यानें ग्रंथ लिहिला होता. ती मिळाली नाहीं. जर्मन पंडितांस निसर्गाविषयीं इतकें रुक्ष गणित रुचलें नाहीं. १८२८ मध्यें त्यानें कोलोनची नोकरी सोडली, बर्लिनमध्यें गणिताचे तास घेऊन कसेबसे दिवस काढले, आणि १८३३ मध्यें न्यूर्नबर्गच्या तंत्रशाळेंत त्यास स्थिर काम लाभलें. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ मध्यें आपलें कॉप्ले पदक त्यास दिलें, तेव्हां त्याच्या देशबांधवांचे डोळे उघडले. म्युनिक येथें प्राध्यापकाची जागा मिळाली ती १८५२ मध्यें. आणि १८५४ मध्यें तो वारला. ज्या पदासाठीं आयुष्यभर झुरावें तें दोनच वर्षें भोगावयास मिळावें, हा दैवाचा हिशेब त्याच्या नियमाइतका सरळ खास नाहीं. १८८१ मध्यें पॅरिसच्या विद्युत्परिषदेनें रोधाच्या मापास ‘ओहम’ हें नांव कायम केलें. आज चंदगडच्या दुकानांतला पोरगा ‘तीनशेंतीस ओहमचे दहा द्या’ असें म्हणतो, तेव्हां तो त्या शाळामास्तराचेंच नांव घेत असतो.

आतां दिव्याकडे वळूं. या दिव्याचें घराणें नभोवाणीच्या घराण्यापासून निघालें आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. बिनतारी संदेशांच्या प्रारंभीच्या काळांत हवेंतून येणाऱ्या लहरी ओळखण्यास स्फटिक वापरीत. कित्येक खनिजांचे स्फटिक विजेस एका दिशेनें वाट देतात व उलट दिशेनें अडवितात. गॅलिना या शिशाच्या खनिजाचा असा उपयोग करण्याबद्दल आचार्य जगदीशचंद्र बसु यांना १९०४ मध्यें अमेरिकेंत पेटंट मिळालें. त्या क्षेत्रांतलें तें अगदीं आरंभींचें पेटंट होय. पुढें मार्कोनीच्या पदरीं असलेला हेन्री राउंड हा तरुण इंग्रज निरनिराळे स्फटिक तपाशीत होता. धार लावण्याच्या चाकांत जें कार्बोरंडम वापरतात, त्याच्या तुकड्यास त्यानें दहा व्होल्टांचा दाब दिला, तों स्फटिकांतून पिवळसर उजेड आला. इतक्या कमी दाबावर चमकणारे तुकडे एक-दोनच सांपडले. ११० व्होल्ट दिले तेव्हां पुष्कळ चमकले. १९०७ मध्यें एका अमेरिकन नियतकालिकास त्यानें हें लहानशा टिपणांत कळविलें, आणि जग तें विसरून गेलें. राउंडला हवी होती ऐकण्याची युक्ति. पाहण्याची युक्ति हाताशीं आली ती त्याच्या कामाची नव्हती.

दुसरा शोधक अधिक अभागी. रशियांतील निझ्‌नी नोव्हगोरोडच्या बिनतारी प्रयोगशाळेंत ओलेग लोसेव्ह हा तरुण अगदीं खालच्या जागेवर काम करीत होता. त्यालाहि कार्बोरंडमचा उजेड दिसला. पण त्यानें तो सोडून दिला नाहीं. हा उजेड तापलेल्या तारेसारखा आहे काय, हें पाहण्यासाठीं त्यानें चमकत्या स्फटिकावर बेंझिनचा थेंब ठेवला. थेंब भराभर उडून गेला नाहीं. म्हणजे उजेड थंड होता. १९२७ मध्यें त्याचा लेख प्रसिद्ध झाला. पुढें लेनिनग्राडला शत्रूचा वेढा पडला आणि १९४२ च्या जानेवारींत लोसेव्ह उपासमारीनें मेला. तेव्हां तो अडतीस वर्षांचा होता.

यानंतरची हकीकत पाश्चात्य देशांत व जपानांत घडली आणि ती बहुतेकांनीं ऐकलेली असते. कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या स्थलांतरिताचा मुलगा निक होलोनियाक यानें १९६२ मध्यें अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनींत तांबडा दिवा तयार केला. डोळ्यांस दिसणारा, कामास येणारा असा हा पहिला दिवा. हिरवा व पिवळा त्यामागून आले. निळा मात्र तीस वर्षें हुलकावण्या देत राहिला. नागोया येथें आकासाकी व अमानो यांनीं, आणि शिकोकू बेटावरील एका लहान कंपनींत नाकामुरा यांनीं चिकाटीनें तो साधला. १९९३ मध्यें तेजस्वी निळा दिवा बाजारांत आला, आणि निळ्यावर पिवळ्या प्रकाशद्रव्याचा लेप देऊन पांढराहि मिळाला. या तिघांस २०१४ चें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. होलोनियाकला तें कधींच मिळालें नाहीं. तो २०२२ मध्यें वारला.

दिवा आला, परंतु तो ओहमचा नियम पाळीत नव्हता! येथेंच आपल्या मखरवाल्या मुलाची फसगत होते. तार ही पाटासारखी आहे. पाण्याचा दाब वाढवावा तसतसा प्रवाह प्रमाणांत वाढत जातो. एलईडी पाटासारखा नाहीं, तो भातखाचराच्या बांधासारखा आहे. चंदगडच्या शेतकऱ्यास हें समजावून सांगावयास नको. पाणी बांधाच्या माथ्यापर्यंत चढेपर्यंत पलीकडे थेंब जात नाहीं. माथा ओलांडला कीं लोंढा सुटतो, आणि लोंढा मोठा झाला तर बांधच वाहून जातो. तांबड्या दिव्याचा हा बांध सुमारें दोन व्होल्टांचा असतो. त्यापुढें व्होल्टाच्या दहाव्या हिश्शानें दाब वाढला तरी प्रवाह कित्येक पटींनीं वाढतो. प्रवाह वाढला कीं दिवा तापतो, तापला कीं बांध आणखी खचतो, आणि मग तो आवरत नाहीं. रंग जितका निळ्याकडे झुकलेला, तितका बांध उंच. निळ्यास व पांढऱ्यास तीन व्होल्टांहून थोडा अधिक दाब लागतो. साध्या लहान दिव्यास फार तर वीस मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा पन्नासावा हिस्सा, एवढाच प्रवाह सोसतो.

म्हणून वाटेंत रोधक घालावयाचा. तो ओहमचा नियम पाळतो आणि त्याच्या संगतींत दिव्यालाहि पाळावयास लावतो. हिशेब असा. बॅटरी नऊ व्होल्टांची, तांबडा दिवा त्यांतले दोन घेतो, उरले सात. हे सात व्होल्ट रोधकानें सोसावयाचे आणि प्रवाह ०.०२ अँपिअर ठेवावयाचा. सातास ०.०२ नें भागिलें, ३५० ओहम. आतां दुकानांत ३५० चा रोधक सहसा मिळत नाहीं. रोधक ठराविक पायऱ्यांनीं बनवितात: १००, १२०, १५०, १८०, २२०, २७०, ३३०, ३९० अशी ती शिडी चढत जाते. मग वरची पायरी घ्यावी, ३९० ची. प्रवाह थोडा कमी, उजेड किंचित् मंद. डोळ्यास फरक कळत नाहीं आणि दिवा वर्षानुवर्षें टिकतो. रोधकावरील रंगांची भाषा १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील रेडिओ कारखानदारांनीं ठरविली. काळा शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पांच, निळा सहा, जांभळा सात, करडा आठ, पांढरा नऊ. ३९० चा रोधक म्हणजे नारिंगी, पांढरा, तपकिरी. पहिले दोन रंग अंक सांगतात, तिसरा पुढचीं शून्यें किती तें सांगतो, आणि टोंकाचा सोनेरी पट्टा शेंकडा पांचापर्यंतची चूक कबूल करतो. चूक इतक्या प्रामाणिकपणें अंगावर मिरविणारी वस्तु बाजारांत दुर्मिळच!

दिव्यास दोन पाय असतात. लांब पाय धन, आखूड ऋण. पाय कापले गेले असतील तर टोपीच्या कडेस जी बाजू सपाट केलेली असते ती ऋण. उलटा जोडला तर दिवा पेटत नाहीं, आणि उलट दाब पांच व्होल्टांपलीकडे गेला तर बिघडूंहि शकतो. रोधकास मात्र उलटसुलट नाहीं. यावरून एक वाद हटकून निघतो: रोधक दिव्याच्या आधीं, धन बाजूस लावावा कीं मागें, ऋण बाजूस? पुष्कळांची समजूत अशी कीं, रखवालदार दाराशींच हवा. मागें उभा राहिला तर चोर आधींच घरांत शिरेल. या वादाचा निकाल १८४५ मध्येंच लागला आहे. क्योनिग्जबर्ग येथें शिकत असलेल्या गुस्टाव्ह किर्खोफ या विद्यार्थ्यानें सिद्ध केलें कीं, एकाच वाटेनें जाणारा प्रवाह त्या वाटेवर सर्वत्र सारखाच असतो. पाट तोंडाशीं अरुंद केला काय किंवा शेवटीं केला काय, पाणी तितकेंच वाहणार. आधीं-मागें हा भेद नाहींच.

दुसरी फसगत याहून अवघड. मुलगा तांबडा व निळा असे दोन दिवे शेजारीं शेजारीं जोडतो आणि काटकसर म्हणून दोहोंत मिळून एकच रोधक घालतो. तांबडा पेटतो, निळा मुळींच पेटत नाहीं. निळा खराब निघाला, असें त्यास वाटतें. वस्तुतः दोन खाचरांपैकीं एकाचा बांध ठेंगणा असल्यानें सारें पाणी तिकडूनच निघून जातें. उंच बांधापर्यंत तें चढतच नाहीं. एकाच रंगाचे दिवे घेतले तरी त्यांचे बांध तंतोतंत सारखे नसतात, आणि जो किंचित् ठेंगणा तो अधिक प्रवाह ओढून आधीं मरतो. शेजारीं जोडावयाचे तर प्रत्येकास स्वतंत्र रोधक हवा. खरी काटकसर करावयाची तर दिवे एकामागें एक, माळेंतल्या मण्यांसारखे जोडावे. एकट्या तांबड्या दिव्यांत नवापैकीं सात व्होल्ट रोधकांत जातात, म्हणजे बॅटरीची तीन-चतुर्थांशाहून अधिक शक्ति नुसती ऊब होऊन जाते. तीन तांबडे एका सरींत घेतले तर ते सहा व्होल्ट घेतात, उरतात तीन; तीनास ०.०२ नें भागिलें, १५० ओहम. त्याच बॅटरींत, तेवढ्याच प्रवाहांत तिप्पट उजेड.

कित्येक मुलें मात्र विचारतात, घड्याळाच्या चपट्या तीन व्होल्टांच्या सेलवर दिवा रोधकावांचून पेटतो तो कसा? प्रश्न योग्य आहे. त्या सेलच्या पोटांतच बराच रोध असतो. रखवालदार घरचाच आहे, म्हणून बाहेरचा दिसत नाहीं. हें न सांगतां केवळ प्रयोग दाखविला, तर मुलगा चुकीचाच धडा घेऊन घरीं जातो आणि पुढचा दिवा नऊ व्होल्टांवर जाळतो.

खेदाची गोष्ट अशी कीं, ओहमचा नियम माध्यमिक शाळेच्या पुस्तकांत असतो, त्यावरचीं उदाहरणें मुलें बिनचूक सोडवितात, आणि दिवा मात्र अंदाजानेंच जोडतात. फळ्यावरचा भागाकार आणि हातांतली तार यांची भेट होत नाहीं. ती घडवून आणण्याचे यत्न महाराष्ट्रांत झाले आहेत. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ मध्यें विज्ञान आश्रम स्थापिला आणि शाळा सुटलेल्या खेड्यांतल्या मुलांस हातानें काम करीत विज्ञान शिकविण्याची पद्धति घालून दिली. तेथेंच २००२ मध्यें अमेरिकेंतील एमआयटी संस्थेच्या साह्यानें ‘फॅब लॅब’ ही कार्यशाळा उभी राहिली. अमेरिकेबाहेर ती पहिलीच. मुंबईच्या आयआयटीनें प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी यांच्या पुढाकारानें ग्रामीण विद्यार्थ्यांसाठीं सूर्यशक्तीवर चालणारा अभ्यासाचा एलईडी दिवा काढला. महाराष्ट्र, मध्यप्रदेश, राजस्थान व ओडिशा या राज्यांत दहा लक्ष दिवे पोंचविण्याची योजना २०१४ च्या सुमारास हातीं घेतली, आणि तींतला विशेष हा कीं, दिवे जुळविणें व दुरुस्त करणें हें काम स्थानिक माणसांनींच शिकून करावें. बिघडला दिवा शहरांत धाडावा लागला नाहीं, तरच तो खेड्याचा झाला.

चंदगडला विजेची ओळख नवी नाहीं. तालुक्याच्या पश्चिमेस तिलारीचें पाणी अडवून तें कड्याखालीं कोंकणाच्या अंगास उतरवितात आणि त्यावर १९८६ पासून ६० मेगावॉटचें विद्युत्केंद्र चालतें. एक तांबडा एलईडी स्वतः ०.०४ वॉट खातो. म्हणजे हें केंद्र पूर्ण शक्तीनें चालूं लागलें कीं, त्या हिशेबानें दीडशें कोटी दिवे पेटावेत! परंतु ही वीज घरांत येते ती २३० व्होल्टांची. तिच्याशीं सुटे दिवे व रोधक घेऊन कोणीं खेळूं नये, तो प्राणाशीं खेळ होईल. २०१५ पासून उजाला योजनेखालीं देशांत छत्तीस कोटींहून अधिक एलईडी बल्ब वांटले गेले. त्यांच्या बुडाशीं रोधकाच्या जागीं ड्रायव्हर नांवाचें लहानसें मंडल बसविलेलें असतें, आणि तें प्रवाह बांधून ठेवण्याचें तेंच जुनें काम अधिक हुशारीनें करतें. बल्ब गेला असें म्हणतात तेव्हां पुष्कळदां आंतले दिवे शाबूत असतात आणि गेलेला असतो तो हा ड्रायव्हरच.

मखरवाला मुलगा दुसऱ्या दिवशीं पुन्हां दुकानांत जातो. या वेळीं त्याच्या वहीच्या पाठीमागें भागाकार मांडलेला असतो. तीन तांबडे दिवे, आणि तपकिरी, हिरवा, तपकिरी असे पट्टे असलेला एक रोधक तो मागतो. दुकानदार एकाच्या जागीं दोन देतो, कारण एवढीशी वस्तु घरीं जाईपर्यंत खिशांतून हरवते. बाहेर पाऊस चालूच असतो. घरीं आल्यावर तो लांब पायास आखूड पाय असे तिन्ही दिवे एका सरींत जोडतो, टोंकास रोधक पिळतो, आणि बॅटरीची टोपी बसविण्यापूर्वीं वहींतला भागाकार एकदां पुन्हां तपासून पाहतो.